रिकामं म्हणजे रिकामं

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून मला बावीस वर्षं झाली. उसानं भरलेली गाडी आली की तिचं वजन करायचं, ऊस उतरवून ती परत आली की रिकाम्या गाडीचं करायचं, आणि एकातून दुसरं वजा केलं की शेतकऱ्याचा ऊस किती ते निघतं. काम एवढंच, पण त्यात डोळा लागून चालत नाही. बावीस वर्षांत माझ्या वजनावर कुणी वाद घातला नाही असं मी म्हणणार नाही, रोज घातला. जिंकला मात्र कुणी नाही.

अशा माणसाला पन्नाशीला थायरॉईड झाला. जास्तीचा नाही, कमीचा. म्हणजे अंगातलं इंजिन चालू, पण गिअर कायम पहिलाच. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला, पोट साफ होणं हा सणासुदीचा प्रसंग झाला. आमच्या गावात, कन्हेरीत, ज्या एप्रिलमध्ये कुत्री सावली सोडत नाहीत त्या एप्रिलमध्ये मी स्वेटर घालून हिंडायला लागलो. बारामतीच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासून गोळी दिली. म्हणाल्या, "रोज सकाळी रिकाम्या पोटी. आयुष्यभर." मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू केली. एक दिवस चुकवली नाही.

दोन वर्षं घेतली आणि होतो तिथंच राहिलो. दर वेळी रिपोर्ट बिघडलेला, दर वेळी मॅडम गोळी वाढवणार. पंचवीसची पन्नास झाली, पन्नासची पंच्याहत्तर, पंच्याहत्तरची शंभर. आणि दर वेळी त्यांचा एकच प्रश्न, "रिकाम्या पोटीच घेता ना?" मी छाती पुढं काढून सांगायचो, "एकदम रिकाम्या, मॅडम."

दवाखान्यात बाकावर सगळ्या बायकाच असायच्या. पहिल्या खेपेला एकीनं विचारलं, "कुणाला घिऊन आलाय, तात्या?" मी म्हणालो, "मलाच." मग त्यांनी मला आपल्यात घेतलं. गळणाऱ्या केसांना कांद्याचा रस, फुटलेल्या टाचांना मेण, सगळं मला तोंडपाठ झालं. कारखान्यात मात्र कँटीनवाला रोज विचारायचा, "बायकांचा आजार झालाय म्हनं. हळदीकुंकवाला कवा बोलवताय?"

ह्या सगळ्यापेक्षा वाईट ती झोप. पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना झाली की दहा मिनिटं ध्यान असतं. मी डोळे मिटले की गेलोच. शेजारी बसणारे आबा तरण्या पोरांना माझं उदाहरण द्यायचे, "बघा, मानूस कसा इस्थिर बसतोय." एका पौर्णिमेला मी घोरलो आणि माझी साधना तिथं संपली.

विहारातली झोप खपून गेली, काट्यावरची खपेना. ह्या हंगामाच्या सुरुवातीलाच भर दुपारी काट्यावर ट्रॅक्टर उभा आणि मी खुर्चीत गाढ. रांग गेटाबाहेर गेली, हॉर्न वाजून वाजून थकले. जाग आली तेव्हा यार्डातले साहेब समोर उभे होते. माणूस चांगला, ओरडले नाहीत. म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघू. सुधारलं तर ठीक, नाहीतर गोदामात पोती मोजायला जा. तिथं झोपलात तरी पोती कुठं जात नाहीत."

पोती मोजण्यात कमीपणा नाही. पण काटा माझा होता. त्या दिवशी घरी येताना रस्त्यात मोटारसायकल थांबवून मी डोळे पुसले, आणि बायकोला सांगितलं की उसाचा धुरळा गेला.

आमची सकाळ पाचला होते. बायको चहा ठेवते, दोघं ओट्यावर बसून घेतो. दिवसभरात दोघांची अशी तेवढीच काय ती दहा मिनिटं. चहाच्या पहिल्या घोटाबरोबर मी गोळी घ्यायचो आणि भाकरी थेट नऊला खायचो. म्हणजे पोट रिकामंच की. चहाला आमच्याकडं कुणी पोटात गेलेलं धरत नाही. पाहुणा चार घरचा चहा पिऊन आलेला असला तरी "सकाळधरनं पोटात काय न्हाय" म्हणतो, आणि कुणी त्याला खोटं म्हणत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पिंपळीचा एक ट्रॅक्टर ऊस टाकून रिकाम्या वजनाला आला. ट्रॉलीत सहा माणसं, दोन गाठोडी आणि एक शेळी. माणसं बसलेली असली की रिकामी गाडी जड भरते आणि शेतकऱ्याचा तेवढा ऊस कमी दिसतो. मी खिडकीतून ओरडलो, "उतरा सगळी खाली!"

ड्रायव्हर म्हणाला, "रिकामीच हाय की ओ सायेब. नुसती मानसं हायती."

"नुसती म्हंजी? नुसत्याला वजन नसतंय व्हय? रिकामं म्हंजी रिकामं! शेळीबी खाली!"

शेळी उतरली. मी मात्र बटणावर बोट ठेवून तसाच राहिलो. नुसती माणसं. नुसता चहा. बावीस वर्षं मी लोकांना रिकामं म्हणजे काय ते शिकवत होतो आणि माझ्या स्वतःच्या ट्रॉलीत दोन वर्षं शेळी बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ड्रायव्हर खालून विचारायला लागला, "सायेब, झोप लागली का?"

पाळी संपल्यावर मी तडक बारामती गाठली. मॅडमना सांगितलं की गोळी आपण चहासोबत घेतो, त्यानं काही होतं का.

"चहा? दुधाचा?"

"म्हशीच्या, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग शांतपणे सांगितलं की दुधाच्या चहासोबत गोळी अंगाला नीट लागतच नाही. साध्या पाण्यानं घ्यायची आणि पुढं एक तास काही नाही, नुसता चहासुद्धा नाही. आता गोळी लागू पडली तर शंभर जास्त होईल म्हणून त्यांनी ती पंच्याहत्तरवर आणली आणि दीड महिन्यानं रक्त तपासायला सांगितलं.

घरी हे सगळं मी हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. म्हणाली, "म्हंजी दोन वर्सं मीच तुमाला आजारी ठिवलं?"

"अगं, तू च्या दिलास. गोळी मी गिळली."

"पन च्या मी दिला," ती म्हणाली, आणि धुतलेले कप परत धुवायला घेतले. मी तिच्यामागं नुसता उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाचला तिनं गोळी आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. मी म्हणालो, तू तुझा चहा घे. नाही म्हणाली, तुमच्याबरोबरच घेईन. मग आम्ही ओट्यावर बसलो. हातात कप नसल्यावर आम्हाला बोलायला येत नाही असं निघालं. दोन दिवस आम्ही शेजाऱ्याची म्हैस बघितली. तिसऱ्या दिवशी म्हैस बघून संपली आणि बायको तिच्या लहानपणापासून सुरू झाली. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. तिथल्या विहिरी, भांडणं, एक तोतरा मास्तर, सगळं येऊ लागलं. मी म्हटलं असू दे, तासाचाच प्रश्न आहे.

एका सकाळी मी गोळी घेतली आणि तांब्या खाली ठेवला, तर ती म्हणाली, "ह्यो तांब्या मला पळायच्या शर्यतीत मिळालाय. इंदापुरात. तालुक्यात दुसरी आल्ते."

मी तांब्या उचलून फिरवला. बुडाजवळ अक्षरं होती, घासून घासून पुसट झालेली. द्वितीय क्रमांक. सव्वीस वर्षं मी त्या तांब्यानं पाणी पितोय आणि तो लग्नातला आहेर समजत होतो. दिवसभर आकडे वाचतो, घरातला हा एक वाचला नव्हता. मला मनापासून लाज वाटली. म्हणून विचारलं, "मग पहिली कोन आल्ती?"

"तिचं नावबी काढू नगा," ती म्हणाली.

संक्रांतीला रिपोर्ट हातात नव्हता. साहेबांना तिळगूळ दिला आणि आठ दिवस मागून घेतले. तिळगूळ खाऊन नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. आठ दिवसांत दोन दुपारी ते न सांगता येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. दुसऱ्या दुपारी मी मान न वळवता म्हणालो, "साहेब, जरा बाजूला. आकड्यावर सावली पडतीय." ते हसले आणि गेले.

रिपोर्ट आला. दोन वर्षांत पहिल्यांदा आकडा जागेवर होता. सगळंच गेलं असं नाही. पाय अजून गार पडतात, जेवणानंतर पापण्या जड होतात. मॅडम म्हणाल्या, शरीराला वेळ लागतो, काही त्रास राहिला तर त्याचं वेगळं बघू. साहेबांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "बसा काट्यावरच."

घरी येऊन बायकोला सांगितलं, आकडा आला, काटाही राहिला. तिनं डोळ्याला पदर लावला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, उसाचा धुरळा. थोड्या वेळानं चुलीकडं बघत तिनं हळूच विचारलं, "म्हंजी आता गोळीसंगं च्या चालंल?"

"न्हाय गं. जल्मभर तासभर थांबायचं."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "माझं आत्ता कुठं लग्नापातुर सांगून झालंय. तुमी तर अजून यायचाय."