एका ताटातले स्क्रू

माझी भाची जन्माला येताना हातात पाना घेऊनच आली असावी, असं माझं ठाम मत आहे. घरात तिला सगळे पानाच म्हणतात. वय चोवीस, काम मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात, आणि राग कायम नाकावर. मी तिची मावशी. मी कपडे शिवते, त्यामुळे तोंड चालवायला मला भरपूर वेळ मिळतो.

आमच्या वस्तीमागच्या मोकळ्या जागेत लोक बिघडलेल्या वस्तू फेकायचे. मग तारांमधलं तांबं काढायला कुणीतरी तो ढीग पेटवायचं आणि काळा धूर घराघरात शिरायचा. पाना खिडकी आपटून लावायची. "मावशी, यातल्या निम्म्या वस्तू अर्ध्या तासात चालू होतील गं! अक्कल गहाण टाकलीय का लोकांनी?"

एके दिवशी तिने खिडकी लावली नाही. तडक शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांकडे रविवारसाठी हॉल मागितला. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या, ही आणि हिचे चार मित्रमैत्रिणी त्या फुकट दुरुस्त करणार. बाई करड्या शिस्तीच्या. म्हणाल्या, "एकच रविवार देते. पाचपर्यंत तीस वस्तू चालू होऊन घरी गेल्या, तर दर महिन्याला हॉल तुमचा. नाहीतर हा भंगाराचा पसारा पुन्हा माझ्या शाळेत नको."

दुसरी जागा कुठून आणणार? पाना काम करते ते दुकान म्हणजे जेमतेम एका कपाटाएवढं. तिने आठवडाभर त्या चौघांना आमच्या घरी अक्षरशः पिळून काढलं. वस्तू कशी उघडायची, तार कशी तपासायची, सगळं शिकवलं. शेवटी दम भरला, "एक जरी स्क्रू हरवला, तर गाठ माझ्याशी आहे!"

रविवारी दहाच्या आत रांग फाटकाबाहेर गेली. एवढी माणसं! मला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. चेन तुटलेल्या पिशव्यांसाठी मी माझं मशीन एका कोपऱ्यात मांडलं होतं, पण सुई ओवायचं सोडून रांगच मोजत बसले. मालकांनी वस्तू द्यायची आणि बाहेर बाकावर बसायचं, हा पानाचा नियम. बारापर्यंत अकरा वस्तू न उघडता, नुसते प्लग बदलून चालू झाल्या आणि आणखी वीसेक उघडून टेबलांवर पडल्या होत्या.

तेवढ्यात पाना उघडलेला एक मिक्सर पुन्हा जोडायला वळली. "याचे स्क्रू कुठायत?"

चौघांनी एकदमच मधल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक मोठं स्टीलचं ताट होतं. हिच्या दमाला घाबरून पोरांनी सगळ्या वस्तूंचे सगळे स्क्रू इमानदारीने त्या एकाच ताटात ठेवले होते. एकही हरवला नव्हता. पण कुठला कुणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं.

पाना पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता ही एकेकाला सोलणार. पण ती स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "संपलं, मावशी. हे निवडायलाच संध्याकाळ होईल."

मला तिचा असा आवाज ऐकायची सवय नाही. माझंच डोकं फिरलं. "पाच जणांना संध्याकाळ होईल! बाहेर तीस माणसं नुसती जांभया देतायत, ती काय शोभेला बसवलीस?"

पाना ताडकन उठली आणि थेट दारात गेली. "सगळे आत या! आपापल्या वस्तूचे स्क्रू आपणच शोधायचे. कसे बसवायचे ते आम्ही दाखवतो!"

मग जो गोंधळ उडाला, तो मी जन्मात विसरणार नाही. माणसं जमिनीवर फतकल मारून बसली. कुणी लांब स्क्रू वेगळे काढतंय, कुणी आखूड, कुणी "हा माझा, हा माझा" म्हणून ओरडतंय. एका मिक्सरवाल्या बाईंना पानाने मोटारीतला झिजलेला कार्बनचा तुकडा काढून दाखवला, तर त्या केवढ्यांदा किंचाळल्या! "एवढासा तुकडा? आणि मी अख्खा मिक्सर फेकायला निघाले होते?" नवीन तुकडा त्यांनी स्वतः बसवला. बटण दाबलं आणि मिक्सर घरघरला, तसा अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. एक निवृत्त कारकून टेबलफॅन मांडीवर घेऊन बसले होते. पोरांनी मदतीला हात पुढे केला की ते त्यावर चापट मारायचे. "थांब रे, मला बघू दे!"

पाचला मुख्याध्यापिका आल्या. पोरांच्या वहीत चालू झालेल्या सव्वीस वस्तूंची नोंद होती. मी पानाच्या कानात कुजबुजले, "माझ्या चार पिशव्या धर की! तीस होतात."

"गप गं. पिशव्या काय चालू होतात?" ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "सव्वीस झाल्या, बाई. चार कमी पडल्या."

बाईंनी हॉलभर नजर फिरवली. पाच वाजून गेले होते आणि एकही माणूस उठायला तयार नव्हता. त्या कारकुनांजवळ जाऊन म्हणाल्या, "काका, वेळ संपली."

काकांनी मान वर केली नाही. "बाई, जरा उजेड सोडून उभ्या राहा. शेवटचा स्क्रू राहिलाय."

बाई चक्क बाजूला सरकल्या. थोडा वेळ त्यांचा तो खटाटोप बघत राहिल्या. मग पर्समधून हॉलची किल्ली काढून त्यांनी पानाच्या हातात दिली.

"कुलूप तुम्हीच लावा. आणि पुढच्या महिन्यात दहाला नाही, नऊला सुरू करा. वेळ पुरत नाही."

पानाने आधी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या क्षणी माझ्या गळ्यात पडून ती अशी काही ओरडली, की कारकुनांच्या हातातला स्क्रू उडून कुठेतरी गेला आणि तो शोधायला आम्ही सगळेच, मुख्याध्यापिकांसकट, जमिनीवर ओणवे झालो.