गाडीसाठी काढलेला गडगा

गाडी आईसाठी घेतली, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. निम्मं खोटं. आईचे गुडघे गेले होते, कुडाळला डॉक्टरकडे जायचं तर रिक्षात चढताना तिचा जीव जायचा, हे खरं. पण शाळेतल्या बाकीच्या मास्तरांच्या दारात गाड्या आल्या आणि मी अजून हेल्मेट काखोटीला मारून फिरतोय, ही जळजळ त्याहून खरी.

शोरूममध्ये आधी सांगितलेली किंमत ऐकून मी खूश. मग दुसरा कागद आला. टॅक्स, पासिंग, विमा, सीटकव्हर आणि कसलासा 'हाताळणी खर्च'. गाडी हाताळणार मी, मग खर्च कसला? तासभर भांडलो, मॅट फुकटात पदरात पाडून घेतले आणि मोठा तीर मारल्यासारखा घरी आलो.

आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय कोणी विहीरसुद्धा खणत नाही. देवळात गेलो. गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या, उजवी पडली. देवाची हरकत नव्हती.

अडचण एकच. गाडी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वळली नसती, आमच्या आणि काकीच्या खळ्यामधला चिऱ्यांचा गडगा, ती बुटकी दगडी भिंत, आड येत होती. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको; काका गेल्यापासून एकटीच राहायची. आई आणि ती, दोघी जावा, रोज दुपारी त्या गडग्याला टेकून बोलत बसायच्या. आमटीची वाटी इकडून जायची, सोलकढीचा तांब्या तिकडून यायचा. आईला कुठे दुखतंय हे डॉक्टरच्या आधी काकीला कळायचं. माझ्याशी आई एवढं कधीच बोलली नाही.

सातबाऱ्यावर नाव काकीच्या मुलाचं, आणि तो मुंबईला. त्याला फोन केला. "काढ रे, माका काय?" म्हणाला. काकी तेव्हा माहेरी, मिठबावला गेली होती. चार गडी लावून अर्ध्या दिवसात गडगा काढला. लागून तिचं रातांब्याचं झाड होतं, ज्याच्या कोकमांची ती सोलकढी करायची, तेही गेलं. आई म्हणाली होती, "ती येवंदे रे." मी म्हटलं, परवा गाडी येतेय.

काकी आली ती हातातली पिशवी खाली न ठेवताच बोलली. "देवाक इचारलंस, माझ्या झिलाक इचारलंस. हंय रवतंय मी. माका इचारूक तुका काय झाला होता?"

"सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे," मी म्हणालो. घरच्या बाईशी, आणि ऑफिसातल्या मराठीत. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवसापासून काकी आमच्याकडे बघेना. आई गुडघे धरत धरत आमटी घेऊन गेली, वाटी तशीच भरलेली परत आली. आई मला एका शब्दाने बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. दुपारी एकटीच पडवीत बसायची, आणि समोर चकचकीत गाडी. मला त्या गाडीचा राग यायला लागला. जसा काही गडगा तिनेच पाडला होता.

गणपती झाले आणि काकी घराला कुलूप लावून कायमची मुलाकडे मुंबईला गेली. इतकी वर्षं तिच्या घराची चावी आईकडे असायची. या वेळी ती खालच्या वाडीतल्या एका बाईकडे दिली. आईला ते दुसऱ्यांकडून कळलं.

पुढच्या महिन्यात आईच्या डॉक्टरची तारीख आली. मी गाडी अगदी पायरीला लावली, दार उघडलं, हात पुढे केला. आई जागची हलली नाही.

"गुडघ्यांचा काय ता माझा मी बघीन," ती म्हणाली. "एवढी मोठी गाडी हाडलंस मा? मग तुझ्या काकीक हाड परत."

त्या दिवशी मी काकीला तीनदा फोन केला. तिने उचलला नाही.