किल्ली काढल्यावर

जयेंद्रगंजाच्या बाजारात उभ्या गाडीखालून कूलंटचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या द्रवाचा, तापलेला गोडसर वास आला, की दादा वारल्यानंतरचा पहिला दसरा आठवतो. त्याची लाल स्पोर्ट्स कार दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरापुढे बंद पडून होती आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ती नेणार होते. “बंद गाडीची पूजा नको रे, एकदा चालू करून दे,” आई म्हणाली. “कशाला परेशान करतेस त्याला? जशी आहे तशी जाऊ दे ना,” बाबा पायरीवरून म्हणाले. दुरुस्तीचे काम मी उशिरा, तेही पुस्तके वाचून शिकलो होतो. हात अजून बिचकत. रेडिएटरजवळ कूलंटच्या नळीचा प्लास्टिकचा जोड फुटला होता आणि त्यावर दादाने घाईने गुंडाळलेली काळी पट्टी तशीच होती. ती सोलताना चिकट बाजूवर त्याच्या बोटाचा ठसा दिसला. मी ती जपून खिशात ठेवली. नवा जोड बसवला, क्लिप आवळली, कूलंट भरले. गाडी सुरू झाली, बराच वेळ चालली, कुठेही गळली नाही. आईने झेंडू वाहून ओवाळले. मग मी किल्ली काढली. इंजिन थांबले, रेडिएटरचा पंखा मात्र फिरतच राहिला. तापलेल्या गाडीत असे होतेच, हे मी सांगणार होतो, तोच आई हळूच म्हणाली, “बघ, निघवत नाहीये त्याला.” बाबा पायरीवरून उठून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. आता बंद केल्यावरही पंखा फिरत असलेली एखादी गाडी रस्त्यात भेटली, की तिचा पंखा थांबेपर्यंत माझेही पाऊल पुढे पडत नाही.