सुसरबैलाचं खाचर

दुसऱ्यासाठी खड्डा खणायचा तर खुशाल खणावा, पण निदान दुसऱ्याच्या रानात खणावा. एवढी अक्कल मला सत्तरी ओलांडल्यावर आली. कशी आली ते ऐका. आधी चहा घ्या, आणि हसायचं झालं तर कप खाली ठेवून हसा.

झालं असं, की तालुक्याला मानचिन्ह पाहिजे होतं. भूगावाकडं इमारती अशा उठल्यात की पुणं कुठं संपलं आणि मुळशी कुठं लागली, येणाऱ्याला कळेना. म्हणून रस्त्यावर मोठी कमान उभारायची आणि तिच्यावर आपला म्हणून एक प्राणी बसवायचा, असं ठरलं. आमच्या कोळवण खोऱ्याची बैठक देवळात भरली. तालुक्याचे साहेब स्वतः आले.

पहिला उठला माझा साडू, शेजारच्या गावचा धोंडिबा. माझ्याच लग्नात हा माझ्याआधी जेवून मोकळा झाला, तेव्हापासून आमचं जमत नाही. म्हणाला, मोर घ्या, आमच्या गावात लई मोर हायेत. साहेब मान डोलवायला लागले. धोंडिबाचा मोर कमानीवर, आणि मी जन्मभर त्याच्या खालून जायचं?

उठलो. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, पण बोलायला उठताना मला ते कधीच ठाऊक नसतं.

"मोर काय, कुटंबी घावतो," म्हणालो. "आमच्या नदीला सुसरबैल हाय."

तोंड बैलाचं, शेपूट सुसरीचं. गरिबाला शिवत नाही, चोराला शीव ओलांडू देत नाही, गावाचा राखणदारच तो. मी सांगत गेलो आणि देवळातली म्हातारी मंडळी माना हलवत गेली. एकानं तर त्याच्या आज्यानं तो पाहिल्याचंही सांगून टाकलं. आता बोला! मी नुकता जन्माला घातलेला प्राणी, आणि ह्याच्या आज्यानं पाहिलेला!

साहेबांनी विचारलं, काही खूण वगैरे आहे का. म्हणालो, पायाचे ठसे हायेत, उद्या या, दावतो.

आता ठसे काढायचे तर मऊ चिखल पाहिजे, आणि तो होता नदीकाठच्या आमच्या भातखाचरात. सगळ्यात चांगलं खाचर ते. त्यातला आंबेमोहोर आमचं घर वर्षभर खातं. सकाळी उठून घमेलं उलटं दाबलं, पुढं कोयत्याच्या मुठीनं तीन बोटं काढली, आणि शेपटासाठी एक फुटकं टायर दोरीनं ओढत नेलं. आमची कारभारीण बांधावर उभी राहून सगळं बघत होती. घमेलं परत धुवून ठेवा, एवढंच बोलली.

साहेब आले, फोटो काढले, खूश झाले. धोंडिबानं ठशाशेजारी स्वतःचा पाय ठेवून बघितला आणि पटकन काढून घेतला. त्याचं ते तोंड बघून मला काय सुख झालं म्हणता! तेवढ्यात गावच्या बाया म्हणाल्या, राखणदार पावला आणि त्याला नारळ नको? मीच धावत जाऊन नारळ आणला. कारभारणीनं तो फोडला.

आमच्याकडं राखणदाराला नारळ फुटला की ती जागा त्याची. तिथं नांगर नाही, कोयता नाही, पायात चप्पलसुद्धा नाही. मला हे ठाऊक नव्हतं का? जन्म गेला त्यात. पण माणूस जिंकत असला की त्याला स्वतःचा सातबारा दिसत नाही.

लावणीला रोपं घेऊन गेलो, तर खाचराच्या चारी कोपऱ्यांत भगवी निशाणं. सरपंचबाई बांधावर उभ्या. "तात्या, तुमीच असं केलं तर गावानं कुणाकडं बघायचं?"

मग मीही हट्टाला पेटलो. उभा केलेला प्राणी आडवा करता येत नाही म्हणजे काय? तडक साहेबांकडं गेलो आणि खरं ते सगळं सांगितलं. साहेब हसले.

"तात्या, खरा नाही म्हणून तर तो निवडला. मोर खरा होता, तो हरला."

परत आलो, अख्खा गाव बांधावर गोळा केला. म्हणालो, बघा आता डोळ्यांनी. घमेलं दाबलं, मुठीनं बोटं काढली, टायर ओढलं. तंतोतंत तेच ठसे. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. मग धोंडिबानं, होय, धोंडिबानंच, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले.

"बघा," म्हणाला, "देवानं कुणाच्या हातनं काम करून घेतलं. त्येबी ह्याच्या!"

झालं. गाव पाया पडून घरी गेला, माझ्या नाही, ठशांच्या. पलीकडच्या बांधाला धोंडिबाचं खाचर आहे. त्याची लावणी जोरात चाललेली. यंदाचा आंबेमोहोर मला साडूच्या दारातून आणावा लागणार, हे मला तिथंच दिसलं.

राहता राहिली कारभारीण. तिनं तर सगळं बघितलं होतं, घमेलं धुतलं का तेही तपासलं होतं. तिला म्हणालो, "तू तरी सांग की गावाला. ठसे मी काढलेत."

"व्हय, ठसे तुमी काढले," ती म्हणाली. "नारळ मी फोडलाय. चपला काढा."

काय करता? वाकून चपला काढल्या. आणि आता वाकलोच आहे, तर म्हटलं नमस्कारही करून घ्यावा.