जाळ्यातला वटवट्या

माधवी पेडगावची. परभणीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून नाल्याकाठी हिंडते. गावाला आता त्याचं काही वाटत नाही. म्हणूनच जानेवारीतल्या एका रविवारी गावातल्या डाळिंबाच्या बागेचे मालक दत्तराव, त्यांनी तिलाच फोन लावला.

"माधवी, डाळिंबाच्या जाळ्यात पाखरू गुतलंय. लय तडफडायलंय. ये लवकर."

ती धावतच पोचली. चिमणीहून लहान, मातकट रंगाचा वटवट्या. नायलॉनचा धागा पंखाखाली रुतलेला. छोट्या कात्रीनं एकेक धागा कापताना तिची नजर चोचीवर गेली. चोच जरा जास्तच लांब होती.

तिचा हात थबकला. दर हिवाळ्यात येणारा ब्लिथचा वटवट्या तिच्या ओळखीचा. तो पुष्कळ ठिकाणी दिसतो, त्याला धोका नाही. पण त्याचाच एक भाऊबंद आहे, मोठ्या चोचीचा वटवट्या. दिसायला जवळपास तसाच, पण इतका क्वचित सापडलेला, की तो संकटात आहे की नाही हे सांगण्यापुरतीही माहिती अभ्यासकांकडे नाही.

तिनं पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या नागनाथला, आपल्या मित्राला, फोन लावून चोचीचं सांगितलं.

"सोडू नकोस!" तो ओरडलाच. "चोच मोज, मागचं नख मोज, पंख पसरून फोटो काढ. नुसतं पाहिलं म्हणून कुणी मानणार नाही."

शेवटचा धागा तुटला. पाखरू तळहातावर आलं. चोच उघडी, डोळे मिटत चाललेले.

"ऐकतेस ना? दोनच मिनिटं लागतील."

"त्याच्याकडे तेवढीही नाहीत, नागनाथ."

फोन ठेवून ती नाल्याकाठच्या झाडाच्या सावलीत बसली. ओंजळ सैल सोडली. पाखरू हलेना. दत्तरावांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, हळूच विचारलं, "गेलं का गं?"

आपण उशीर केला, चोच बघत बसलो, हेच माधवीच्या डोक्यात. तेवढ्यात इवल्याशा नख्या बोटात रुतल्या आणि पाखरू सुर्रकन नाल्यातल्या उंच पाणकणसाच्या गवतात शिरलं.

दत्तरावांनी मोबाइलवर एक फोटो काढला होता. त्यात चोच नेमकी तिच्या अंगठ्याआड गेली होती. नागनाथ तो पाहून चिडलाच.

दत्तरावांनी मात्र नाल्याकडचं जाळं त्याच संध्याकाळी गुंडाळलं. "खाऊ द्या पाखरांना चार डाळिंबं," म्हणाले.

पुढच्या रविवारी नागनाथ कॅमेरा घेऊन आला. दोघं नाल्याकाठी बसून राहिले. पाणकणसातून 'चक्, चक्' ऐकू येत होतं. त्यावरून जात ओळखणं दोघांनाही जमलं नाही.