स्कूटीला एक मार्क

स्थळ बघायला गेलं की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघतात. लादी कसली, मोरी आत की बाहेर, जागेत वाटेकरी किती. कोन गावच्या सावळाराम तरेला यातलं काही दाखवून उपयोग नव्हता. त्याचा चहा बाहेरच व्हायचा, तोही पाहुण्यांकडे पाठ करून, नजर गल्लीवर. एकोणतीस वर्षं एसटी चालवून एकही अपघात न करता रिटायर झालेला माणूस. त्याला कोण काय बोलणार?

गल्ली तो दोनदा चालायचा. एकदा सकाळी ड्युटीच्या वेळेला आणि एकदा दुपारी चारला, गोडाऊनला माल भरायची घाई असते तेव्हा. खड्ड्यात पाय घालून बघायचा, घोट्यापर्यंत गेला की एक मार्क कापला. गटार उघडं असेल तर दोन. वळणावर पुढचं दिसत नसेल तर तीन. आणि हे सगळं प्रत्येक गाडीचं वेगळं, कारण ट्रक ज्या रस्त्यावरून हसत जातो त्याच रस्त्यावर स्कूटीवाला दात पाडून घेतो, असं त्याचं म्हणणं. दहापैकी ट्रकला नऊ, रिक्षाला सहा, स्कूटीला चार, असा तोंडी निकाल लागायचा. चारच्या खाली स्कूटी गेली की स्थळ बाद.

गावात चेष्टा व्हायची, नाही असं नाही. पण मुलगी द्यायची वेळ आली की चेष्टा करणारेच त्याला न्यायला रिक्षा पाठवायचे. राहनाळच्या एका मुलाचा बाप एकदा भडकला, म्हणाला, मुलगी देताय की नवीन बस सोडताय? सावळाराम शांतपणे म्हणाला की बसला सहा टायर असतात, मुलीला दोन पाय.

यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांना त्याच्या थोरल्या मुलीची, ऋतिकाची गोष्ट ठाऊक होती. तिचं लग्न जमलं तेव्हा सावळारामनंही चारचौघांसारखं घरच बघितलं होतं. फ्रिज बघितला, दोन मजले बघितले, खूश झाला. वर्षभरात सासरच्या गल्लीच्या तोंडाशी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली तिची स्कूटी आली. पोरगी वाचली, पण डावा पाय कायमचा आखडला. सावळारामनं स्कूटीचं वाकलेलं हँडल बघितलं आणि जे समजायचं ते समजला. एवढी वर्षं स्टिअरिंग धरलं, पण पोरीच्या दारापर्यंतचा रस्ता बघितला नाही, हे त्याला आतून खात राहिलं. तेव्हापासून ही मार्कांची भानगड.

आणि २००७ साली धाकटीचं, मेघालीचं स्थळ आलं. मुलगा काल्हेरचा, जीवन नावाचा, एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. मेघालीला तो मनापासून आवडला होता, आणि हे घरात सगळ्यांना कळलं होतं. ती स्वतः स्कूटीवर कामाला जायची, लग्नानंतरही जाणार होती. सावळारामची बायको आनंदीबाई नवऱ्याला बजावून थकली की या वेळी जरा डोळे मिटा. तो मात्र सकाळी आठला कुणालाही न सांगता काल्हेरला जाऊन पानाच्या टपरीवर बसला.

समोरच जीवनच्या घराकडे जाणारी गल्ली. एका बाजूला गोडाऊनची फाटकं, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मधे खडी सुटलेली. ट्रक मागे यायचे ते क्लीनरशिवाय, नुसता भोंगा वाजवत. ट्रकला नऊ, टेम्पोला सात, रिक्षाला चार, स्कूटीला एक. तो एकही त्यानं जीव तोडून दिला. आता मेघालीला काय तोंड दाखवू, असं म्हणत तो उठला, तेवढ्यात समोरून जीवन मोटारसायकलवर आला.

फाटकाच्या अलीकडे त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि गाडी ढकलत निघाला. ट्रक दिसला की केबिनचा पत्रा थापटायचा, ड्रायव्हर बघेपर्यंत थांबायचा, मग पुढे. हमाल ओरडले, "नवरदेव पैदल चला!" त्यानं हसून हात केला. टपरीवाल्यानं सांगितलं की हा रोज असंच करतो, दोन वर्षं झाली.

सावळाराम घरी आला तो तरंगतच. ओटीवर सगळे वाट बघत होते, माहेरी आलेली ऋतिकाही. स्कूटीला एक मार्क, असं त्यानं सांगितल्यावर आनंदीबाईनं हातातलं ताट आपटलं. पण स्थळ बाद नाही, तो घाईनं म्हणाला. पोरगा उतरून चालतो, तिलाही उतरून चालायला शिकवेल, चालणाऱ्याला कसली भीती.

ऋतिकानं मान वर केली.

"बाबा, मीपण उतरूनच चालले होते."

सावळारामला कळेना.

"स्कूटी ढकलत होते मी. तुम्ही कधी विचारलंच न्हाय."

 सहा वर्षं त्यानं साऱ्या गल्ल्यांना मार्क दिले होते, सायकलपासून ट्रकपर्यंत. चालणाऱ्या माणसाला एकदाही दिले नव्हते. आणि ज्या पोरीपायी हे सगळं केलं, तिला काय झालं हे विचारायची हिंमत झाली नव्हती.  मग अगदी हळू आवाजात त्यानं ऋतिकालाच विचारलं की आता मी काय करू.

"तिला विचारा," ऋतिका म्हणाली. "मला कुणी विचारलं नव्हतं."

सावळाराम मेघालीकडे वळला. तुझं काय म्हणणं, असं त्यानं विचारलं.

"रस्ता वाईट हाय, मला ठाऊक हाय," मेघाली म्हणाली. "भीती वाटते. तरी मला जायचं हाय."

संध्याकाळी त्यानं जीवनच्या वडिलांना फोन लावला. रामराम झाला, तब्येतीची विचारपूस झाली, आणि मुद्द्यावर येताच त्याला रडू कोसळलं. ऋतिका पाय ओढत उठली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि तिनं होकार कळवला.