आजींचे डोळे आणि माझी फाईल

मॅडमनी माझ्या फाईलची तीन पानं उलटली. चौथं उलटलंच नाही.

"ही मी गेल्या वर्षी तपासलीय," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, मी स्वतः लिहिलीय."

"लिहिली तू असशील. तपासलीय मीच."

नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला होते मी. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी जर्नल, आणि या सगळ्यातून जीव उरला तर जेवण. आमच्या तळेघरच्या बाजूला भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात वाकून उभं राहावं लागतं. पण भात लावून झाला की झाला. तो उपटून "मार्जिन सोडली नाहीस, परत लाव" असं कुणी म्हणत नाही. इथे म्हणत. एकच केस मी तीन वेळा लिहिली होती, तिसऱ्यांदा फक्त लाल पेनानं रेषा मारल्या नव्हत्या म्हणून.

त्यात ही कुटुंबाची फाईल. प्रत्येकीला गावातलं एक घर वाटून दिलेलं. तिथे सहा आठवडे जायचं, घरातल्या प्रत्येकाची तपासणी करायची, आरोग्याच्या पाच अडचणी शोधायच्या, त्यावर उपाय करायचे आणि सगळं लिहून काढायचं. फाईलवर सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, आणि प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. वर्ष जाणं मला परवडणारं नव्हतं. वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चुलत्यांनी वडिलांना सुरुवातीलाच बजावलं होतं, "चार म्हंजी चारच वर्सं. पाचव्याला पोरगी घरी." वडील त्यावर हो म्हणाले होते. त्यांचा बिचाऱ्यांचा माझ्यावर विश्वास होता.

माझ्या वाट्याला आलं निरगुडसरचं एक घर. मुलगा, सून, शाळेत जाणारी दोन मुलं आणि आजी. मुलगा-सून सकाळीच कांद्यात जात, मुलं शाळेत. राहायच्या त्या आजी. घर कॉलेजच्या बसथांब्याजवळ, माणसं गोड. म्हणून दर वर्षी ते कुणाला ना कुणाला मिळायचंच. माझ्या आधी पाच बॅचनी त्याचा अभ्यास केला होता. आता त्या घरात अभ्यासाला काही शिल्लकच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी ओट्यावर बॅग ठेवायला गेले, तर आजी म्हणाल्या, "आदी पेपर हातर बाय. बॅग मंग. आन् हात धुतल्याबिगर आतलं काय काढू नको, तुमची मॅडम मार्क कापती."

मी हात धुतले. वही उघडली.

"आजी, पाणी कसं पिता?"

"उकळून, गाळून, झाकून."

"जेवणात काय असतं?"

"पालेभाजी, मोडाची कडधान्यं. ह्ये लिव्हलंस का? मंग फुडं लिव्ह, हात धुतो साबणानं, जेवायच्या आदी. नखं दर रैवारी."

मी प्रश्न विचारायच्या आधी उत्तर यायचं. त्याच ओळी, त्याच क्रमानं. साहजिकच माझी फाईल गेल्या वर्षीसारखी झाली. चूक माझी नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. तसं पूर्ण खरंही नव्हतं. एका सीनियर ताईची फाईल माझ्या उशाशी होती आणि "डोळे : स्वच्छ" हे दोन शब्द मी तिच्यातून सरळ उतरवले होते. दृष्टी मात्र मी स्वतः तपासली होती. अंगणात वीस फुटांवर अक्षरांचा तक्ता धरला, आजींनी एक डोळा हातानं झाकला आणि वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. मग दुसरा डोळा, तसाच. मी लिहिलं, सहा बाय सहा. म्हणजे नजर उत्तम.

"या घरात अडचण नाही, असं होऊच शकत नाही," मॅडमनी फाईल माझ्याकडे सरकवली. "जा आणि बघ. विचारू नकोस, बघ."

गेले. बघत बसले. आणि देवानं ऐकलं म्हणायचं, पहिल्या अर्ध्या तासात अडचण सापडली. आजी चहा ओतत होत्या आणि कपात बोट बुडवत होत्या. प्रत्येक कपात. चहा बोटाला लागला की ओतायच्या थांबायच्या.

मला एवढा आनंद झाला की मी तो चहा तसाच प्यायले.

दोन दिवस खपून मी चित्रांची कार्डं बनवली. कपात बोट, त्यावर लाल फुली. बोटावरचे जंतू, त्यांना मी डोळे आणि दात काढले होते. मग जुलाब झालेलं मूल. त्या शुक्रवारी आजींना समोर बसवून एकेक कार्ड दाखवत मी वीस मिनिटं बोलले. आजी मान डोलवत होत्या.

"कळलं का आजी?"

"कळलं की. लई झ्याक सांगतीस तू. मागल्या सालच्या पोरीला असं येत नव्हतं." एवढं म्हणून त्या उठल्या, चहा केला आणि पहिल्याच कपात बोट घातलं.

माझा तोल गेला. दिवसभराचा वैताग, कार्डं रंगवून दुखणारी बोटं, सगळं एकदम बाहेर आलं. "आजी, अहो आत्ता सांगितलं ना! वीस मिनिटं सांगितलं! चित्रं दाखवली! काय होतं पहिल्या चित्रात, सांगा बरं?"

आजींनी कार्डाकडे तोंड केलं. मग शाळेतल्या मुलासारखं म्हणाल्या, "हात धुत्यात."

"हात? कप होता तो! कपात बोट होतं!"

"आसंल," त्या म्हणाल्या. "पर बोट न्हाई घातलं तर कप भरल्याला कळायचा कसा?"

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग पिशवीतून टॉर्च काढली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बाहुल्या दुधाळ होत्या. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. हे ओळखायला चौथं वर्ष लागत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही दिसलं असतं, तिनं पाहिलं असतं तर.

"मग तक्ता कसा वाचलात?"

"त्यो पाठ हाये," आजी म्हणाल्या. "पयल्या पोरी आल्या तवा दिसत व्हतं. तिसरीपातूर शाळा झाल्याली हाये माजी. मंग दर साली त्योच तक्ता. फुडं फुडं अंधूक व्हाया लागलं, पर तवर पाठ झाल्यालं."

"पण सांगायचं ना!"

"कुणाला सांगू? तुमी पोरी आधीच रडकुंडीला आल्याल्या असता. येकीला दिसत न्हाई म्हणाले, तर म्हणाली लिव्हायला दहा पानं वाढत्याल. लई रडली बिचारी. मंग म्हणलं, जाऊ दे, दिसतं आसंच लिव्ह. परीक्षा तुमची हाये ना? पोरगी पास झाली पायजे."

तेवढ्यात सून शेतातून आली. मी तिला जवळजवळ ओरडूनच विचारलं, तुम्हाला घरात कळलं कसं नाही? ती पण ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"आमाला वाटलं व्हतं कमी दिसतं म्हणून. पर तुमच्याच पोरी दर साली सांगून जात्यात, आजीचे डोळे येक नंबर. शिकल्याल्या तुमी का आमी?"

मी कार्डं गोळा करून पिशवीत टाकली. त्या 'तुमच्याच पोरीं'मध्ये मीही होते.

मी फाईल पुन्हा लिहिली. दृष्टीच्या रकान्यात खरं ते लिहिलं. वाटलं होतं, मॅडम खूश होतील. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पाच बॅच चुकल्या आणि तू एकटी बरोबर?"

"हो मॅडम."

"गेल्या वर्षी तपासणीला मी स्वतः तिथे उभी होते. फाईल वेगळी दिसावी म्हणून काहीही लिहिशील का तू? बुधवारी मी येते. माझ्यासमोर दाखव. नाही दाखवता आलं तर सही विसर."

बुधवारी मॅडम आल्या. आजींना कुणीतरी आधीच सांगितलं असावं, मोठ्या मॅडम येणार, सिस्टरची परीक्षा आहे. त्या नवं लुगडं नेसून अंगणात तयार बसल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आजी, दिसेल तेवढंच सांगा. नाही दिसलं तर नाही म्हणा. हात जोडते."

"तू नको घाबरू," आजी म्हणाल्या. "मी हाये ना."

मी वीस फुटांवर जाऊन तक्ता धरला. आजींनी डावा डोळा झाकला. आणि एवढ्या खणखणीत आवाजात सुरू झाल्या की शेजारची बाई बाहेर आली. "च! र, प! ल, ग, म! त, ब, न, य!" एक अक्षर चुकलं नाही.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला रडू येत होतं आणि राग आजींचा येत होता, ज्या तिकडे माझ्यासाठी जीव तोडून पास होत होत्या. चार वर्षांत माझा कुणी एवढ्या प्रेमानं घात केला नव्हता.

मग मी तक्ता उलटा केला. कोरी बाजू पुढे.

"आजी, आता उजवा डोळा झाका."

आजींनी उजवा डोळा झाकला आणि कोऱ्या कागदाकडे तोंड करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "च! र, प! ल, ग, म!"

शेवटची ओळही संपली. आजींनी हात खाली घेतला आणि विचारलं, "बराबर आलं का, मॅडम?"

"बरोबर आलं आजी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातून तक्ता घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला. आम्ही बसथांब्यापर्यंत आलो. बसच्या पायरीवर म्हणाल्या, "आता फाईल पुरी कर. ऑपरेशन, नंतरची तपासणी, सगळं. तोपर्यंत सही नाही."

म्हणजे अजून पंधरा पानं. आणि परीक्षेला महिनाही उरला नव्हता. मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण सरकारी दवाखान्यातल्या नेत्रविभागाला फोन त्यांनी स्वतः केला, तारीख लवकरची त्यांनीच मिळवून दिली. हे मला नंतर कळलं.

आजी ऑपरेशनला तयार होईनात. कांदा काढायला आलाय, साठवणीच्या बराखीत कोण भरणार, या वयात डोळ्याला सुरी कशाला. मुलगा सांगून थकला, सून थकली. शेवटी मी वैतागून म्हटलं, "नका करू. माझी सही राहिली तर राहिली. घरी जाऊन भात लावते मी."

आजी सरळ बसल्या. "सही अडली व्हय तुजी? मंग आदी नाय का सांगायचं? चल, कवा जायचं?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या डोळ्यात थेंब घालायला मी रोज वॉर्ड सुटल्यावर जात होते. दोन आठवड्यांनी तपासणीला त्यांना घेऊन गेले. भिंतीवर दिव्याचा तक्ता होता, त्यावरची अक्षरं वेगळी. डॉक्टर म्हणाले, वाचा आजी. सवयीनं त्यांनी छाती भरून "च!" म्हटलं आणि थांबल्या. वरचं मोठं अक्षर 'क' होतं. त्यांनी मान पुढे काढली.

"क," त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळ काहीच नाही. डॉक्टरांच्या दाराशी रांग होती, मागची माणसं चुळबुळ करत होती. माझी बस चुकणार होती. आजी ओठ हलवत एकेक अक्षर लावत होत्या, तिसरीतल्या मुलीसारख्या. "द... आन् ह्ये... थांब... ह. ह हाये." पाचवी ओळ त्यांनी पुरी केली. सहावीला म्हणाल्या, "ह्ये न्हाई दिसत." आणि लगेच घाबरून माझ्याकडे वळल्या. "चालंल का गं? का मार्क जात्याल?"

"चालेल आजी."

फाईलमध्ये मी सहा बाय बारा लिहिलं. आधीच्या पाचही फायलींपेक्षा, आणि माझ्या पहिल्या फाईलपेक्षाही, हा आकडा वाईट होता. मॅडमनी तो वाचला, चष्मा पुसला आणि सही केली. मग पान उलटून म्हणाल्या, "मार्जिन सोडलेली नाहीस."